न मांडलेला खर्च

वसंत ऋतूतील व्याख्यानांची प्रथा १८७५ साली पुण्यास न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने सुरू झाली, आणि पुढे ती महाराष्ट्रातील गावोगावी रुजली. ह्या व्यासपीठांवरून आपण राज्यकारभार ऐकला, शेती व चलन ऐकले, वेदान्तही ऐकला. आज आम्ही ज्या विषयाला हात घालणार आहो तो ऐकून काही श्रोते खाली मान घालतील, तर काहींना हा विषय चारचौघांत बोलण्याचा नव्हे असे वाटेल. गरीब स्त्रीला महिन्याच्या चार-पाच दिवसांत जे कापड लागते त्याचा इतिहास, हा तो विषय होय. इतिहास म्हटला की आपल्याला तलवारी, तहनामे आणि सनावळ्या आठवतात. परंतु ज्या वस्तूवाचून निम्म्या माणसांना आयुष्याची तीस-पस्तीस वर्षे दर महिन्याला अडते, तिलाही इतिहास असलाच पाहिजे. तो लिहिला गेला नाही ह्याचे कारण तो नव्हता हे नसून, तो खर्च कोणी खर्च म्हणून वहीत मांडलाच नाही, हे आहे.

प्रथम हा विषय बोलण्याजोगा नाही ह्या समजुतीचाच विचार करू. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्याकडील पुष्कळ घरांतून मुलीला न्हाण आले म्हणजे ते साऱ्या आळीला कळत असे. तिला मखरात बसवीत, सुवासिनी जमत, गाणी होत, साखर वाटली जाई. फलशोभनाचा तो सोहळाच होता. १८९१ साली संमतिवयाचा कायदा आला आणि वयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर गेली. तेव्हा गर्भाधानाचा संस्कार रजोदर्शनानंतर लगेच व्हावा की नाही, मुलगी बारा वर्षांच्या आत ऋतुमती झाली तर काय करावे, ह्यावर पुण्यात केवढा वाद माजला! टिळकांनी 'केसरी'तून त्या कायद्याला विरोध केला, डॉ. भांडारकरांनी धर्मशास्त्राचे आधार काढून कायद्याची बाजू मांडली. सभा झाल्या, पत्रके निघाली. म्हणजे मुलीची पाळी हा विषय पुरुषांनी भर सभेत, शास्त्रार्थासह चर्चिला. त्या मुलीला त्या दिवसांत कापड कोठून मिळते, ते ती कोठे धुते आणि कोठे वाळवते, हा प्रश्न मात्र त्या वादात विचारला गेल्याचे आमच्या वाचनात नाही. तात्पर्य, लाज विषयाची नव्हती. संस्काराची चर्चा चालत होती, कायद्याचीही चालत होती. गरजेची तेवढी चालत नव्हती.

त्या काळी ही गरज जुन्या लुगड्याने भागत असे. नऊवारी सुती लुगडे हे मराठी घरातील मोठे भांडवल होते. ते नेसून विरले की त्याची गोधडी होई. तान्ह्या मुलाची लंगोटी, दुपटे होई. चुलीवरची भांडी उतरवायचे फडके होई. आणि अगदी शेवटी जी चिंधी उरे ती ह्या कामी येई. आजी नातीला घडी कशी करावी ते सांगे. ह्या व्यवस्थेला पैसा लागत नव्हता, म्हणून ती फुकट होती असे आपण समजतो. वास्तविक तिला एक अट होती. घरात जुने लुगडे असावयास नवे लुगडे आलेले असले पाहिजे. जिच्या अंगावर एकच लुगडे, आणि तेही धुऊन अर्धे वाळेपर्यंत उरलेले अर्धे गुंडाळून बसणे जिच्या नशिबी, तिने चिंधी आणावी कोठून? चिंधी हीदेखील मालमत्ताच आहे, आणि ती सर्वांपाशी नव्हती.

ही गोष्ट दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उघडी पडली. कापड महागले, काळ्या बाजारात गेले, आणि १९४३ साली सरकारला त्यावर नियंत्रण आणावे लागले. बंगालमध्ये तर अन्नाच्या दुष्काळामागून कापडाचा दुष्काळ आला. अंग झाकण्यापुरते वस्त्र नाही म्हणून स्त्रिया झोपडीबाहेर पडत नसत, अशी वर्णने त्या काळाविषयी आहेत. जेथे लज्जारक्षणाला वस्त्र नाही तेथे घडीला कापड उरले नसणार, हे सांगावयास पुरावा कशाला हवा? पुढे नायलॉन-पॉलिएस्टरच्या साड्या आल्या. त्या टिकाऊ, झटपट वाळणाऱ्या आणि कष्टकरी बाईला परवडणाऱ्या. त्यामुळे गेल्या शतकाच्या अखेरीस त्या गरिबांच्या अंगावर सर्रास दिसू लागल्या. परंतु पॉलिएस्टर पाणी शोषीत नाही. साडी स्वस्त झाली, आणि चिंधी मात्र निकामी झाली. जिला सुती कापड मिळाले नाही तिने काय काय वापरले, ह्याची कल्पना सुखवस्तू माणसाला येत नाही. गोणपाटाचे तुकडे, वर्तमानपत्र, राख आणि वाळूदेखील स्त्रियांनी वापरली आहे.

आता थोडे पश्चिमेकडे पाहू. कारण आज दुकानात जे पॅड मिळते ते तिकडून आले. तेथेही प्रथम चिंध्याच होत्या. इंग्लंडात १८८० नंतरच्या दशकात विकत घेऊन टाकून द्यावयाच्या घड्या निघाल्या. अमेरिकेत जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने १८९६ साली 'लिस्टर्स टॉवेल्स' नावाने असाच माल काढला. पण तो चालला नाही. त्याची उघड जाहिरात करणे शक्य नव्हते आणि दुकानदाराकडे तो मागण्याचे धैर्य बायकांना होईना. पुढे पहिले महायुद्ध आले. किम्बर्ली-क्लार्क कंपनीने लाकडाच्या लगद्यापासून कापसासारखा एक पदार्थ तयार केला होता. तो कापसाहून कितीतरी अधिक ओल शोषी, आणि स्वस्तही पडे. जखमी सैनिकांच्या पट्ट्यांसाठी त्याचा मोठा पुरवठा झाला. युद्धाच्या इस्पितळांतील परिचारिकांनी ह्या पट्ट्या स्वतःच्या पाळीसाठी वापरून पाहिल्या आणि त्या उत्तम ठरल्या. १९१८ साली युद्ध थांबले, आणि कंपनीला ह्या मालाचे नवे गिऱ्हाईक शोधावे लागले. १९२० साली 'कोटेक्स' ह्या नावाने बारा पॅडांची पेटी साठ सेंटांस विक्रीस आली. नावच असे घेतले की मागताना वस्तू उच्चारावी लागू नये. तरीही संकोच जाईना, तेव्हा दुकानात पेट्या मांडून ठेवून शेजारी पैसे टाकण्याचा डबा ठेवण्याची युक्ती निघाली. बाईने मुकाट्याने पैसे टाकावे आणि पेटी उचलावी.

ह्या कथेतून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या. ही वस्तू बाजारात आली ती स्त्रियांची गरज ओळखून नव्हे, युद्धातील जास्तीचा माल खपवावयाचा म्हणून. गरज परिचारिकांनी ओळखली. तिला दाम मात्र कंपनीने लावले. दुसरे असे की, वस्तू आली तरी जिच्याजवळ साठ सेंट तिलाच ती मिळाली. जुन्या व्यवस्थेत अट जुन्या कापडाची होती, नव्या व्यवस्थेत ती रोख पैशाची झाली, आणि रोख पैसा गरीब घरात बाईच्या हाती क्वचितच असतो.

आपल्याकडेही हेच झाले. शहरांतील औषधाच्या दुकानांत पॅड दिसू लागले. ते वर्तमानपत्रात नाहीतर काळ्या पिशवीत गुंडाळून मिळू लागले. पण खर्चाचा हिशेब कोणी मांडला? आपण मांडून पाहू. पाच दिवस आणि दिवसाला तीन, असे पंधरा पॅड एका स्त्रीला लागतात. एकाला सहा रुपये धरले तर नव्वद रुपये झाले. घरात आई आणि दोन वयात आलेल्या मुली असल्या तर महिन्याला दोनशे सत्तर. मजुरी करणाऱ्या घरात हा आकडा गोडेतेलाशी, डाळीशी, मुलाच्या वह्यांशी झुंजतो. आणि अशा झुंजीत आई प्रथम स्वतःचे नाव खोडते, हे कोणाला सांगावयास नको.

हीच गोष्ट तमिळनाडूत कोइमतूरजवळच्या एका कारागिराच्या अनुभवास आली. अरुणाचलम मुरुगनंतम ह्यांनी १९९८ साली आपल्या पत्नीला मळकट चिंध्या लपविताना पाहिले. दुकानचे पॅड का आणीत नाहीस, असे विचारता, ते आणले तर घरच्या दुधाचे पैसे तुटतील, अशा अर्थाचे उत्तर तिने दिले. गृहस्थ फार शिकलेले नव्हते. कापसाचे पॅड करून पाहिले, ते जमेना. दुकानच्या पॅडात कापूस नसून लाकडाच्या लगद्यातील तंतू असतो, हे कळावयास त्यांना सुमारे दोन वर्षे लागली. जे ज्ञान अमेरिकेतील कारखान्यास पहिल्या महायुद्धापासून होते ते कोइमतूरच्या एका माणसास ऐंशी वर्षांनी पुन्हा नव्याने शोधावे लागले! परदेशी यंत्राची किंमत कोट्यवधी रुपये. त्यांनी लाखाच्या आतले साधे यंत्र बनविले आणि ते बायकांच्या बचतगटांना दिले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. 'गूंज' ह्या संस्थेने उलट दिशेने वाट काढली. अंशू गुप्ता ह्यांनी १९९९ साली स्थापन केलेली ही संस्था शहरातील जुने सुती कपडे गोळा करते, स्वच्छ करते आणि त्यांच्या घड्या करून खेड्यांत पोहोचविते. ज्या चिंधीला आपण जुनाट समजलो तीच पुन्हा कामी आली; कारण सुती कापड साबणाने धुऊन कडक उन्हात वाळविले तर त्यात कमीपणा काही नाही. दोष कापडाचा नव्हता. ते लपवून, ओलसर ठेवून वापरावे लागे, त्याचा होता.

सरकार ह्या प्रश्नाकडे उशिरा वळले. २०११ पासून केंद्र सरकारच्या योजनेत सतरा राज्यांतील १०७ जिल्ह्यांत 'फ्रीडेज' नावाचे सहा पॅडांचे पाकीट सहा रुपयांस आशा कार्यकर्तींमार्फत गावात मिळू लागले. महाराष्ट्रात ८ मार्च २०१८ रोजी 'अस्मिता' योजना निघाली. तीत जिल्हा परिषदेच्या शाळांतील मुलींना आठ पॅडांचे पाकीट पाच रुपयांस देण्याची व्यवस्था बचतगटांकडे होती. त्याच वर्षी जनऔषधी केंद्रांतून 'सुविधा' पॅड अडीच रुपयांस एक ह्या दराने आले, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये तो दर एक रुपयावर आला. वर मांडलेला दोनशे सत्तरांचा हिशेब ह्या दराने पंचेचाळीसवर येतो. परंतु एक रुपयाचे पॅड आणण्यासाठी तालुक्याला जावे लागले, तर एस.टी.चे भाडे आणि बुडालेला रोज त्या हिशेबात कोणी धरावयाचे?

कराची कहाणीही बोधप्रद आहे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा कुंकू, बांगड्या करमुक्त राहिल्या आणि पॅडवर शेकडा बारा कर बसला. सौभाग्याची लेणी आवश्यक आणि पॅड मात्र करपात्र, असा त्याचा अर्थ झाला. देशभर आवाज उठला, आणि जुलै २०१८ मध्ये तो कर रद्द झाला. मात्र करमाफीमुळे कारखानदाराला कच्च्या मालावर भरलेल्या कराची वजावट मिळेनाशी झाली. म्हणून बारा टक्के गेले तरी किंमत तेवढी उतरणे शक्य नव्हते. केनियाने हा कर २००४ सालीच काढला होता. ब्रिटनमध्ये तो १९७३ पासून होता. २००१ साली शेकडा पाचवर आला आणि १ जानेवारी २०२१ रोजी संपला. स्कॉटलंडने त्याही पुढे पाऊल टाकले. तेथील संसदेने २०२० च्या नोव्हेंबरात एकमताने कायदा केला, आणि १५ ऑगस्ट २०२२ पासून ज्या कोणाला ही वस्तू लागेल तिला ती विनामूल्य मिळण्याची व्यवस्था करणे स्थानिक संस्थांवर बंधनकारक झाले. सार्वजनिक स्वच्छतागृहातील पाण्याचे जसे आपण पैसे मागत नाही, तसाच हा विचार.

आपल्या देशात किती फरक पडला? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे पंधरा ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी आरोग्यदायी साधन वापरणाऱ्यांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये शेकडा ५८ च्या सुमारास होते. ते २०१९-२१ मध्ये ७७ च्या वर गेले. ही प्रगती थोडी नव्हे. पण त्याच पाहणीत अतिश्रीमंत पंचमांशात हे प्रमाण ९५, तर अतिगरीब पंचमांशात ५४ आहे. सरासरीने आपले समाधान होते, आणि तळाशी जवळजवळ निम्म्या मुली तशाच राहतात.

आणि समजा, पॅड अगदी फुकट वाटले, तरी प्रश्न सुटतो काय? ह्या ठिकाणी आम्ही श्रोत्यांना मराठवाड्यात नेतो. बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊसतोडीला बाहेर पडतात. नवराबायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि ती फिटेपर्यंत काम सोडता येत नाही. एक दिवस काम चुकले की 'खाडा' पडतो, आणि खाड्याचा दंड बसतो. राहावयास फडाशेजारी पालाची खोपी. न्हाणी नाही, संडास नाही, पाणी दुरून आणावयाचे. पहाटे अंधारात तोड सुरू होते, आणि डोक्यावर मोळी घेऊन ट्रकवर चढावयाचे असते. अशा जागी पॅड कोठे बदलावे? कापड कोठे धुवावे? पोटात कळा आल्या तर कोणत्या झाडाखाली बसावे? बसली तर खाडा. २०१९ साली ह्या जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली गेल्याचे उघडकीस आले, आणि नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली. ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे सहांत एक. देशात हे प्रमाण शेकडा तीनच्या आसपास आहे.

ह्या सगळ्या शस्त्रक्रिया ह्याच एका कारणाने झाल्या असे आम्ही म्हणत नाही. लहान वयातील लग्ने, लागोपाठची बाळंतपणे, साधे दुखणे असता कर्करोगाची भीती घालणारे डॉक्टर, अशी कारणे त्यांत आहेत. पण दर महिन्याचा खाडा कायमचा टळावा, हा हिशेब त्यांत होता, हे त्या स्त्रियांनी स्वतः सांगितले आहे. तेव्हा ज्या खर्चाची नोंद कोणत्याही वहीत झाली नाही त्याची वसुली अखेर कशातून झाली, ते पाहा. कापड नाही, पाणी नाही, आडोसा नाही, रजा नाही. तेव्हा तिने स्वतःचा अवयव दिला. साखर आपण चहात घालतो. तिच्या भावात हा खर्च धरलेला नसतो.

कोणी म्हणेल, आमच्या आज्या-पणज्यांनी कापडावरच दिवस काढले, त्यांचे काय अडले? अडले की नाही हे त्यांना कोणी विचारले नाही. पण क्षणभर तसे मानले, तरी त्या आज्यांना जुने लुगडे होते, परसात विहीर होती, वाळत घालावयास गोठ्यामागची जागा होती, आणि विटाळ म्हणून का होईना, चार दिवस चूल सुटत होती. ती विश्रांती अपमानाच्या बदल्यात मिळालेली होती, आणि घरात दुसरी बाई असेल तरच मिळत होती. खडी फोडणाऱ्या, निंदणी करणाऱ्या बाईच्या वाट्याला अपमान आला, विश्रांती आली नाही. गरिबांच्या आज्यांचा इतिहास आपल्या आज्यांवरून ठरवू नये.

आणखी एक गोष्ट आपल्या दारातली आहे. आपल्या घरातील वापरलेले पॅड कोठे जाते? ते कचरा वेचणाऱ्या बाईच्या हातात जाते. पुण्यातील कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या स्त्रियांनी हा प्रश्न मांडला. २०१३ साली त्यांनी वापरलेले पॅड कंपन्यांकडे परत पाठविण्याची मोहीम काढली. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी पॅडसोबत गुंडाळण्याची पिशवी देण्याची जबाबदारी कंपन्यांवर घातली. त्यानंतर, निदान वेगळे गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, एवढे मागणे पुण्यातून पुढे आले. एका बाईला पॅड विकत घेणे परवडत नाही, आणि दुसरीचे वापरलेले पॅड उघड्या हातांनी वेचणे तिला चुकत नाही. दारिद्र्याचा ह्याहून उघडा पुरावा कोणता?

ह्या साऱ्या इतिहासातून आम्हांस जे दिसते ते थोडक्यात असे. ही वस्तू जेव्हा जेव्हा गरिबापर्यंत पोहोचली तेव्हा आधी कोणीतरी तिला 'गरज' असे नाव दिले होते: कोइमतूरच्या कारागिराने, पुण्याच्या कचरावेचक स्त्रियांनी, स्कॉटलंडच्या संसदेने. जेथे ते नाव दिले गेले नाही तेथे स्वस्त मालही दाराशी अडकला. १० एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळकरी मुलींसाठी देशभर एकसारखे धोरण आखण्यास केंद्र सरकारला सांगितले, ते ह्याच दिशेने पडलेले पाऊल होय. मात्र धोरणात पॅडांच्या आकड्याशेजारी नळ, दाराला कडी, कचऱ्याचा डबा आणि पगारी सुट्टी हीही कलमे आली पाहिजेत.

न्यायालयाचे आणि सरकारचे काम त्यांच्याकडे. आमची श्रोत्यांना विनंती लहान आहे. आपल्या गावच्या शाळेच्या समितीवर आपण असाल तर मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी येते काय, हे पुढच्या सभेत विचारा. आपल्या दुकानात, कारखान्यात स्त्रिया काम करीत असतील तर त्यांना आडोसा आहे काय, ते स्वतः जाऊन पाहा. घरी धुणेभांडी करणारी बाई महिन्यातून एक दिवस येणार नाही म्हणाली, तर पगारातून खाडा कापू नका. आणि उद्या सकाळी कचऱ्याचा डबा दाराशी ठेवाल तेव्हा त्या पुडीवर लाल ठिपका आहे की नाही, ते पाहून मगच दार लावा.